एका डोळ्याने टिपलेले पक्षीजग

हिवाळा सुरू झाला की भिगवणच्या जलाशयाकाठी आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर पक्षीनिरीक्षकांची गर्दी होते. ट्रायपॉडवर उभ्या केलेल्या स्पॉटिंग स्कोपच्या नेत्रभिंगाला कोणी खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा टेकवतो, श्वास रोखून कळ दाबतो आणि दूरच्या पाण्यात उभा असलेला रोहित पक्षी कॅमेऱ्याच्या पडद्यावर अवतरतो. पक्ष्याला याची खबरही नसते. 'डिजिस्कोपिंग' या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र मलेशियातील पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ मध्ये केलेल्या प्रयोगानंतर जगभर पसरले. त्यामागील गणित सोपे आहे. स्कोपचे वर्धन वीसपट असेल आणि कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने ५० मिलिमीटर असेल, तर दोहोंच्या गुणाकाराने १००० मिलिमीटरच्या भिंगाइतकी जवळीक साधते. चित्राभोवती काळे वर्तुळ उमटते, प्रकाश कमी पडतो, किंचित हादऱ्यानेही प्रतिमा पुसट होते. तरीही छायाचित्रकार आणि पक्षी यांच्यातील अंतर कायम राहते, हा या तंत्राचा सर्वांत मोठा गुण होय.

या अंतराचे मोल ज्याने आपला डोळा देऊन जाणले, त्या छायाचित्रकाराचे नाव एरिक हॉस्किंग. केवळ पक्ष्यांच्या छायाचित्रणावर उदरनिर्वाह करण्याचे धाडस दाखविणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते.

हॉस्किंग यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. अगदी लहान वयात त्यांच्या हाती कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा आला आणि त्यातून त्यांनी पहिले चित्र घेतले ते एका पक्ष्याच्या घरट्याचे. त्या कॅमेऱ्यातून जवळची वस्तू स्पष्ट येणे शक्यच नव्हते. पण निराशेऐवजी मुलाला छंद जडला. शाळेत ते फारसे चमकले नाहीत. शिक्षण संपवून त्यांनी मोटार व्यवसायातील एका कंपनीत नोकरी धरली. १९२९ मध्ये त्या कंपनीचे दिवाळे निघाले आणि ऐन मंदीच्या तोंडावर विशीतला हा तरुण बेकार झाला.

त्याच सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एका महाकाय सीलचे छायाचित्र एका वृत्तपत्रासाठी काढून देण्याचे काम त्यांच्याकडे आले. चित्र छापले गेले, मोबदला मिळाला आणि छंदातून पोट भरता येईल, ही शक्यता प्रथमच डोळ्यांसमोर आली. मात्र पक्ष्यांच्या चित्रांना तेव्हा फारशी बाजारपेठ नव्हती. लहान मुलांची व विवाहसमारंभांची छायाचित्रे काढायची, गावोगाव व्याख्याने द्यायची आणि त्यातून उरलेला वेळ व पैसा रानात खर्च करायचा, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला.

त्या काळचे पक्षी छायाचित्रण किती कष्टाचे होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. लाकडी सांगाड्याचा वजनदार कॅमेरा आणि काचेच्या प्लेट्स घेऊन मैलोन्मैल चालावे लागे. प्रत्येक चित्रानंतर प्लेट बदलावी लागे. दूरचे जवळ आणणारी भिंगे अप्राप्य किंवा निरुपयोगी असल्याने छायाचित्रकारालाच पक्ष्याच्या काही फुटांपर्यंत पोहोचावे लागे. पक्षी हमखास परत येणारी जागा एकच, ती म्हणजे घरटे. म्हणून घरट्याजवळ कापडाचे 'लपण' उभारून आत तासन् तास बसून राहणे, हाच राजमार्ग होता. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो घालून दिला होता. हॉस्किंग यांनी त्याला शिस्त दिली.

लपण प्रथम घरट्यापासून बरेच दूर उभारायचे, पक्ष्याला त्याची सवय झाली की रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे आणि पक्षी बिथरला तर माघार घ्यायची, असा त्यांचा नेम होता. लपणात शिरताना ते सोबत्याला घेऊन जात. हॉस्किंग आत बसले की सोबती उघडपणे चालत निघून जाई. माणूस गेला असे समजून पक्षी निर्धास्त होत. उंच झाडावरील घरट्यांसाठी त्यांनी लाकडी मनोरे उभारले आणि त्यांच्या टोकावर लपण बांधले.

अशाच एका मनोऱ्याने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण दिले. मे १९३७ मध्ये ते मध्य वेल्समध्ये टॉनी आउल या जातीच्या घुबडाच्या घरट्यावर काम करीत होते. पिल्ले असताना हे घुबड अत्यंत आक्रमक होते. रात्रीच्या अंधारात हॉस्किंग लपणाकडे चढत असताना मादीने झेप घेतली. घुबडाच्या पिसांची किनार मऊ असल्याने त्याच्या उड्डाणाचा आवाज होत नाही. त्यामुळे त्यांना चाहूलही लागली नाही. पक्ष्याची नखी थेट डाव्या डोळ्यात रुतली. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयात उपचार झाले, पण जखमेत संसर्ग शिरला. पेनिसिलिन अद्याप वापरात आले नव्हते. संसर्ग दुसऱ्या डोळ्याकडे पसरून पूर्ण अंधत्व येण्याचा धोका होता. अखेर डावा डोळा काढून टाकावा लागला. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते.

ज्याचे सारे आयुष्य पाहण्यावर उभे आहे, त्याच्यासाठी हा आघात केवढा असेल! एका डोळ्याच्या माणसाला अंतराचा अंदाज नीट येत नाही. झाडावर चढणे, अंधारात वाट काढणे अवघड होते. परंतु कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकाला एकच डोळा पुरतो. हॉस्किंग घुबडांकडे परतले. पुढे अशा कामाच्या वेळी ते तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा चढवीत. घुबडाविषयी त्यांनी कधी राग धरला नाही. पिल्लांचे रक्षण करणाऱ्या आईने जे करायचे तेच तिने केले होते, आणि तिच्या दारात गेले होते ते स्वतः. या दुर्घटनेच्या बातम्या सर्वत्र छापून आल्या आणि तोवर पक्षीप्रेमींच्या लहानशा वर्तुळात परिचित असलेले नाव घरोघरी पोहोचले.

१९३९ मध्ये डोरोथी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चित्रांची व्यवस्था, पत्रव्यवहार आणि संसार यांचा भार त्यांनी उचलला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सिरिल न्यूबेरी यांच्यासोबत हॉस्किंग यांनी पक्षी छायाचित्रणाच्या कलेवर १९४४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या चित्रांची पुस्तके युद्धाने थकलेल्या वाचकांनी आवडीने घेतली. कॉलिन्स प्रकाशनाच्या 'न्यू नॅचरलिस्ट' या गाजलेल्या ग्रंथमालेच्या छायाचित्रांची संपादकीय जबाबदारी त्यांच्याकडे आली.

तंत्राच्या बाबतीत ते काळाच्या पुढे होते. घुबडांसारख्या निशाचर पक्ष्यांसाठी त्यांनी तीसच्या दशकातच फ्लॅशबल्ब वापरले. पुढे डॉ. फिलिप हेन्री यांनी तयार केलेल्या विद्युत फ्लॅशने क्रांती घडविली. सेकंदाच्या अत्यल्प अंशात लखलखणाऱ्या त्या प्रकाशाने वेगवान पंखही जागच्या जागी गोठवले. प्रकाशकिरणाची एक अदृश्य रेषा पक्ष्याने ओलांडली की कॅमेरा आपोआप चालावा, अशीही योजना करण्यात आली. याच तंत्रातून १९४८ मध्ये त्यांचे सर्वांत प्रसिद्ध चित्र साकारले. उंदरासारखा दिसणारा व्होल हा प्राणी चोचीत धरून, दोन्ही पंख उंचावून येणारे गव्हाणी घुबड एखाद्या राजघराण्याच्या मानचिन्हासारखे दिसते. घुबडानेच डोळा हिरावला आणि घुबडानेच कीर्ती मिळवून दिली.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या कामाचा परीघ विस्तारला. गाय माउंटफर्ट यांच्या मोहिमांचे अधिकृत छायाचित्रकार म्हणून ते १९५६ व १९५७ मध्ये स्पेनमधील कोतो दोन्याना या दलदलीच्या प्रदेशात गेले. पुढे डॅन्यूबचे खोरे आणि जॉर्डनचे वाळवंटही त्यांनी पाहिले. १९६६-६७ मध्ये भारतीय उपखंडाचा योग आला. तत्कालीन पाकिस्तानातील आणि आज बांगलादेशात असलेल्या सुंदरबनातील वन्यजीवनाची पाहणी करणाऱ्या पथकात ते होते. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या संस्थापकांत माउंटफर्ट यांचा समावेश होता. दोन्यानाला १९६९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. जी भूमी लोकांनी पाहिलीच नाही ती वाचवावी असे त्यांना वाटणार कसे? ते पाहण्याचे काम अशा चित्रांनी केले.

१९६० ते १९७६ या काळात 'ब्रिटिश बर्ड्‌स' या मासिकाचे छायाचित्र संपादक म्हणून त्यांनी नव्या पिढीची चित्रे पारखली. १९७० मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. पक्षी टिपणारी नजर आणि पक्ष्यापायी गेलेला डोळा असे दोन्ही अर्थ त्याच्या इंग्रजी शीर्षकात सामावले आहेत. १९७७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना 'ओबीई' किताबाने गौरविले. २२ फेब्रुवारी १९९१ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र डेव्हिड यांनी छायाचित्रणाचा वारसा पुढे चालविला.

हॉस्किंग यांच्या कार्याकडे आज पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. त्यांची कीर्ती ज्या चित्रांवर उभी आहे, त्यातील बरीचशी घरट्यावरची आहेत. माणसाच्या वावराने बिथरलेले पक्षी अंडी टाकून जातात, आडोशाच्या फांद्या दूर केल्या तर कावळ्यांना वाट सापडते, उन्हात पिल्ले दगावतात. हे धोके त्यांनाही ठाऊक होते आणि म्हणूनच चित्रापेक्षा पक्षी मोठा, हा दंडक ते पाळत. परंतु त्यांच्याइतका संयम प्रत्येकाकडे नसतो. ब्रिटनने १९६७ च्या कायद्याने दुर्मिळ पक्ष्यांना घरट्यावर असताना त्रास देणे हा गुन्हा ठरविला, तर १९८१ च्या कायद्याने हे संरक्षण अधिक भक्कम केले. आपल्याकडेही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते. अभयारण्याबाहेरच्या माळरानावर आणि गावकुसाच्या झाडावर मात्र राखण करतो तो माणसाचा विवेकच.

हॉस्किंग यांच्यापुढे पर्याय नव्हता. पक्षी पाहायचा तर त्याच्या दाराशी जाणे भाग होते, आणि त्याची किंमत त्यांनी स्वतः मोजली. आजच्या पक्षीमित्रापुढे पर्याय आहे. स्पॉटिंग स्कोप आणि छोटा कॅमेरा यांच्या साह्याने शंभर पावलांवरून पक्ष्याचा डोळा टिपता येतो. असे असताना सुगरणीच्या खोप्यापाशी किंवा घुबडाच्या ढोलीपाशी मोबाइल घेऊन घोळका करणे, याचे समर्थन कसे करणार? हॉस्किंग यांनी जवळ जाऊन जे दाखविले ते पाहून जग पक्ष्यांच्या प्रेमात पडले. त्या प्रेमाची पुढची पायरी म्हणजे थोडे दूर उभे राहणे होय.