हाफकिन : प्लेगच्या लसीसाठी मुंबईत झिजलेले एक आयुष्य

मुंबईतील परळ येथे एक जुनी, प्रशस्त दगडी वास्तू उभी आहे. एके काळी ती मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होती. गेली सव्वाशे वर्षे मात्र ती जंतूंचा, लसींचा आणि औषधांचा अभ्यास करणारी संस्था म्हणून ओळखली जाते. हाफकिन हे तिचे नाव मराठी माणसाच्या कानावरून असंख्य वेळा गेलेले असते. सर्पदंशावरील प्रतिविष असो, श्वानदंशावरील लस असो वा पोलिओचे थेंब असोत, त्यांच्या संदर्भात हे नाव येतेच. परंतु ज्या शास्त्रज्ञाचे हे नाव आहे, त्याची जीवनकथा तितकीशी परिचित नाही.

वाल्देमार मॉर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील व्यापारी होते. ओडेसा येथील विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण घेत असताना त्यांना इल्या मेचनिकोव यांच्यासारखा गुरू लाभला. शरीरातील विशिष्ट पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हा मेचनिकोव यांचा शोध पुढे रोगप्रतिकारशास्त्राचा पाया ठरला आणि त्यासाठी त्यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. शरीर रोगाशी कसे लढते, या प्रश्नाची गोडी हाफकिन यांना लागली ती या गुरूमुळेच.

तो काळ ज्यू समाजासाठी अत्यंत कठीण होता. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा तरुण हाफकिन आपल्या समाजाच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या गटात सामील झाले. त्यांना अटकही झाली. मेचनिकोव यांनी रदबदली केल्यामुळे त्यांची सुटका झाली. धर्मांतर केल्यास विद्यापीठात पद मिळण्याची शक्यता होती; परंतु ते हाफकिन यांना मान्य झाले नाही. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात काम करून १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसला पोहोचले. तेथील पाश्चर संस्थेत मेचनिकोव आधीच दाखल झाले होते. संस्थेत ग्रंथपालाची जागा तेवढी रिकामी होती. हाफकिन यांनी ती पत्करली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवण्यास आरंभ केला.

पहिली टोचणी स्वतःला

पटकी म्हणजेच कॉलरा हा त्या काळी जगाला हादरवून सोडणारा रोग होता. त्याच्या जंतूवर हाफकिन यांनी काम सुरू केले. गिनीपिग या प्राण्यांच्या उदरपोकळीतून जंतूंचे एकामागून एक संक्रमण करून त्यांनी त्यांची तीव्रता वाढवली, तसेच उष्णता व हवा यांच्या साहाय्याने सौम्य केलेला जंतूही तयार केला. आधी सौम्य आणि काही दिवसांनी तीव्र अशा दोन टोचण्या देण्याची ही पद्धत होती. प्राण्यांवर ती यशस्वी झाली. माणसावर तिचा परिणाम काय होईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले.

या लसीची खरी परीक्षा जेथे पटकीची साथ वारंवार येते तेथेच होऊ शकत होती. ब्रिटनचे पॅरिसमधील राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये हाफकिन भारतात आले. उत्तर हिंदुस्थानातील शहरे, लष्करी छावण्या, कोलकात्याच्या दाट वस्त्या आणि आसामचे चहामळे अशी त्यांची भ्रमंती सुरू झाली. कोलकात्यात काही ठिकाणी लोकांनी त्यांच्यावर दगडही भिरकावले. त्या वेळी त्यांच्या पथकातील भारतीय डॉक्टरांनी सर्वांसमक्ष आधी स्वतः टोचून घेतले आणि मग लोक पुढे आले.

एकाच घरात राहणाऱ्या, एकच पाणी पिणाऱ्या माणसांपैकी काहींना लस मिळालेली आणि काहींना न मिळालेली असेल, तर साथ आल्यावर दोन्ही गटांत काय घडते याची तुलना करावयाची, अशी हाफकिन यांची रीत होती. आज कोणत्याही औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट ठेवणे अनिवार्य मानले जाते. त्या काळी ही दृष्टी दुर्मीळ होती. दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचून झाल्यावर मलेरियाने जर्जर झालेले हाफकिन १८९५ मध्ये विश्रांतीसाठी युरोपात परतले आणि पुढल्या वर्षी पुन्हा भारतात दाखल झाले.

मुंबईवर आलेले संकट

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात विचित्र ताप आणि जांघेत वा काखेत गाठी अशी लक्षणे असलेले रुग्ण आढळू लागले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगश यांनी हा रोग प्लेगच असल्याचे निदान केले. बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. लोक आगगाडीने आणि पायी गावाकडे निघाले. त्यांच्याबरोबर रोगही कोकणात आणि देशावर पोहोचला.

सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. दिमतीला होते एक लेखनिक आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येरसँ यांनी हाँगकाँगमध्ये शोधून काढल्याला जेमतेम दोन वर्षे झाली होती. या तुटपुंज्या साधनांनिशी हाफकिन यांनी मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवण्यास सुरुवात केली. रसावर तुपाचे थेंब सोडले, की त्यांना धरून जंतूंचे झुबके खाली लोंबत वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. अशा रीतीने भरपूर वाढवलेले जंतू उष्णतेने मारून त्यांपासून लस तयार झाली. कामाचा ताण इतका होता, की सहकारी एकामागून एक गळाले. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीच्या मात्रेहून कितीतरी मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील साधारण निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली, उरलेल्यांनी घेतली नाही. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांत रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण पुष्कळच अधिक आढळले. कैद्यांच्या संमतीविषयी आजचे नियम अत्यंत कडक आहेत आणि त्या निकषावर ही चाचणी तपासली तर काही प्रश्न उभे राहतील, हे खरे. तथापि त्यात कोणावरही सक्ती करण्यात आली नव्हती, ही गोष्ट त्या काळाच्या पार्श्वभूमीवर लक्षात घेण्याजोगी आहे.

कारण त्याच सुमारास पुण्यात सक्तीचे दुसरे रूप दिसत होते. साथ आटोक्यात आणण्यासाठी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा अमलात आला. घरांच्या झडत्या, रुग्णांची बळजबरीने रवानगी आणि सामानाची जाळपोळ यांमुळे लोकांत तीव्र संताप उसळला. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळ्यांत झाली. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला होता. अशा अविश्वासाच्या वातावरणात लस ही पटवून द्यावयाची गोष्ट आहे, लादण्याची नव्हे, अशी हाफकिन यांची धारणा होती. टोचणीनंतर ताप येई, दंड सुजे. त्यामुळे अफवांना तोटा नव्हता. खोजा समाजाचे धर्मप्रमुख आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू उपलब्ध करून दिली. त्यांचे अनुयायी मोठ्या संख्येने पुढे आले.

१८९८ च्या आरंभी महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी आणखी काटेकोर चाचणी झाली. प्रत्येक कुटुंबातील जवळपास निम्म्या माणसांना लस देण्यात आली आणि उरलेल्यांना नाही. त्यानंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, त्यांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. लस पूर्ण संरक्षण देत नाही, परंतु मृत्यूचा धोका बराच कमी करते, हे त्यातून स्पष्ट झाले. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाचा निष्कर्षही साधारण असाच होता. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे रीतसर उद्घाटन झाले आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

एका बाटलीने घातलेला घाव

कीर्तीच्या शिखरावर असतानाच त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. पंजाबातील मुल्कोवाल या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्या दिवशी वापरलेल्या पाच बाटल्यांपैकी एकीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, त्या सर्वांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या कोणालाही हा त्रास झाला नाही.

चौकशीसाठी मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. लसीत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत हाफकिन यांच्या प्रयोगशाळेने सोडली होती आणि जंतू मारण्यासाठी केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. हा बदल शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय होता; परंतु आयोगाने त्यावरच बोट ठेवले आणि बाटली मुंबईतच दूषित झाली असावी, असे मत दिले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ते लंडनला गेले आणि स्वतःची बाजू मांडण्यासाठी त्यांनी पुढील काही वर्षे वेचली.

खरे कारण चौकशीच्या कागदपत्रांतच दडलेले होते. बाटली उघडताना तेथील साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे सर्वज्ञात आहे. बाटली भरून कित्येक आठवडे लोटले होते. इतके दिवस तीत ते जंतू वाढत असते, तर उघडताच तीव्र दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेतील तज्ज्ञांनी हे पुरावे तपासले. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्स दैनिकात प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले.

हाफकिन भारतात परतले खरे. पण मुंबईतील त्यांची जागा तोवर भरली गेली होती. त्यांना कोलकात्यात पद मिळाले, तेथे मोठ्या चाचण्या करण्यास मात्र पूर्वीसारखी मोकळीक उरली नाही. पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. उत्तरायुष्यात ते अधिकाधिक धर्मनिष्ठ झाले आणि पूर्व युरोपातील ज्यूंच्या शिक्षणासाठी त्यांनी आपली संपत्ती दिली. त्यांनी विवाह केला नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

परळची परंपरा

निधनापूर्वी पाच वर्षे, म्हणजे १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले होते. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. प्लेगने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले. लस नसती तर हा आकडा कोठे पोहोचला असता, याची कल्पनाच करावी लागते.

लस रोग टाळू शकत होती, झालेला रोग बरा करणे तिच्या आवाक्याबाहेर होते. ती उणीव भरून काढण्याचे प्रयत्नही याच वास्तूत झाले. संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिब सिंग सोखी आणि त्यांचे सहकारी भालचंद्र दीक्षित, वागळे प्रभृतींनी १९४० च्या आसपास सल्फा गटातील औषधांचा प्लेगवरील उपयोग अभ्यासला. दीक्षित हेच पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके आली आणि वेळेवर उपचार झाल्यास प्लेग बरा होऊ लागला.

भारताच्या टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तथापि त्यांचे खरे स्मारक दूरदूरच्या वस्त्यांत आहे. परळहून अकराशे किलोमीटरवरील भिलाईच्या कोहका वस्तीत असो वा कोकणातल्या एखाद्या वाडीत, आई बाळाला घेऊन लसीकरण केंद्रावर जाते तेव्हा ती लस सुरक्षित आहे, असा विश्वास तिच्या मनात असतो. तो विश्वास सहजासहजी निर्माण झालेला नाही. त्यासाठी एका शास्त्रज्ञाने दोन वेळा स्वतःचे शरीर पणाला लावले आणि एका बाटलीच्या चुकीपायी आयुष्यातील उमेदीची वर्षे गमावली. मुल्कोवालच्या त्या १९ जणांचे मरणही व्यर्थ गेलेले नाही. प्रत्येक टोचणीसाठी निर्जंतुक उपकरण हवेच, हा आज साधा वाटणारा नियम त्यांच्या प्राणांचे मोल देऊन शिकलेला आहे.