तिन्ही मैदानांचा एकमेव जगज्जेता : अँथनी वाइल्डिंग

टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धा आज सर्वांना ठाऊक आहेत. पॅरिसजवळच्या सें-क्लू येथे भरणारी जागतिक हार्ड कोर्ट अजिंक्यपद स्पर्धा मात्र विस्मृतीत गेली आहे. या स्पर्धेच्या अल्प इतिहासात एक नाव ठळकपणे उठून दिसते, ते न्यूझीलंडच्या अँथनी वाइल्डिंगचे.

वाइल्डिंगचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८३ रोजी क्राइस्टचर्च येथे झाला. वडील फ्रेडरिक हे नामांकित वकील, शिवाय क्रिकेट आणि टेनिस या दोन्ही खेळांत पारंगत. खेळाचे पहिले धडे त्याला घरीच मिळाले. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्याने कायद्याचे शिक्षण घेतले आणि तो बॅरिस्टर झाला. परंतु त्याचे मन कोर्टकचेरीपेक्षा टेनिस कोर्टावरच रमले.

त्या काळी टेनिस हा फावल्या वेळातील सभ्य विरंगुळा मानला जाई. वाइल्डिंगने मात्र शरीर कमावण्यासाठी पद्धतशीर मेहनत घेतली. मद्य आणि तंबाखू यांपासून तो दूर राहिला. मोटारसायकलचे त्याला विलक्षण वेड होते. रॅकेटी बरोबर घेऊन तो युरोपभर एका स्पर्धेहून दुसऱ्या स्पर्धेला मोटारसायकलवरून जात असे. १९१० ते १९१३ अशी सलग चार वर्षे विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद त्याच्याकडे होते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त संघातून खेळताना डेव्हिस चषक जिंकण्यात त्याने मोलाचा वाटा उचलला.

१९१२ साली सें-क्लू येथील स्ताद फ्रांसे क्लबाच्या मैदानावर जागतिक हार्ड कोर्ट स्पर्धा सुरू झाली. हार्ड कोर्ट म्हणजे त्या काळच्या भाषेत लाल मातीचे मैदान. फ्रान्सची राष्ट्रीय स्पर्धा तेव्हा फक्त फ्रेंच क्लबांच्या सभासदांसाठीच खुली होती. त्यामुळे परदेशी खेळाडूंना मातीवरील मोठे व्यासपीठ प्रथम याच स्पर्धेने दिले. पहिला विजेता ठरला जर्मनीचा ओटो फ्रॉइट्झहाइम.

१९१३ साली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची स्थापना झाली आणि तीन जागतिक अजिंक्यपदांना मान्यता मिळाली : हिरवळीवरील विम्बल्डन, मातीवरील सें-क्लू आणि छताखालील मैदानावरील तिसरी स्पर्धा. त्या वर्षी वाइल्डिंगने तिन्ही अजिंक्यपदे मिळवली. सें-क्लू येथे त्याने फ्रान्सच्या आंद्रे गोबेरला नमवले. विम्बल्डनमध्ये अमेरिकेच्या मॉरिस मॅक्लॉक्लिनच्या तडाखेबंद सर्व्हिसला पुरून उरत तीन सरळ सेटमध्ये विजय मिळवला. आणि स्टॉकहोममध्ये फ्रान्सच्याच मॉरिस जेर्मोवर मात केली. एकाच वर्षी एकेरीची ही तिन्ही पदे जिंकण्याची किमया दुसऱ्या कोणत्याही पुरुष खेळाडूला साधली नाही.

१९१४ साली सें-क्लूचे विजेतेपद त्याने राखले. त्याच वर्षी तेथे महिला एकेरीत सुझान लेंग्लेन ही अवघ्या पंधरा वर्षांची फ्रेंच मुलगी विजयी झाली. विम्बल्डनमध्ये मात्र वाइल्डिंगला आपलाच डेव्हिस चषकातील सहकारी नॉर्मन ब्रुक्स याच्याकडून हार पत्करावी लागली. त्यानंतर अमेरिकेत पिट्सबर्गजवळ डेव्हिस चषकात त्याच्या संघाची गाठ जर्मनीशी पडली. सें-क्लूचा पहिला विजेता आणि विद्यमान विजेता तेथे परस्परविरोधी संघांत होते. ही लढत संपत असतानाच युरोपात महायुद्धाचा भडका उडाला. मायदेशी निघालेला फ्रॉइट्झहाइम वाटेतच ब्रिटिशांच्या हाती सापडला आणि कैदेत पडला. वाइल्डिंगने डेव्हिस चषक जिंकला, इंग्लंड गाठले आणि सैन्यात नाव नोंदवले.

मोटारींच्या ज्ञानामुळे त्याची नेमणूक चिलखती गाड्यांच्या तुकडीत झाली. कॅप्टनपदापर्यंत तो पोहोचला. ९ मे १९१५ रोजी फ्रान्समध्ये नव शापेल येथे तो ज्या खंदकात होता, त्यावर तोफगोळा पडून त्याचा अंत झाला. तेव्हा त्याचे वय ३१ वर्षे होते. ज्या देशाच्या मातीवर तो जगज्जेता ठरला होता, त्याच देशाच्या मातीत त्याचे दफन झाले.

सें-क्लूची स्पर्धा १९२० मध्ये पुन्हा सुरू झाली. बिल टिल्डन, आंरी कोशे यांसारखे दिग्गज तिचे विजेते ठरले. १९२२ साली ती ब्रुसेल्समध्ये भरली. तथापि विम्बल्डनला कायमस्वरूपी बहाल केलेले जागतिक अजिंक्यपद अमेरिकेला मान्य नव्हते आणि त्यामुळे तो देश महासंघाबाहेर राहिला होता. अखेर जागतिक अजिंक्यपदे रद्द करण्यात आली, अमेरिका महासंघात आली आणि १९२३ नंतर ही स्पर्धा बंद पडली. १९२५ पासून फ्रान्सची राष्ट्रीय स्पर्धा परदेशी खेळाडूंना खुली झाली आणि सें-क्लूचा वारसा तिच्याकडे गेला. १९२८ मध्ये डेव्हिस चषकाच्या लढतीसाठी उभारलेल्या क्रीडागाराला रोलां गारोस या वैमानिकाचे नाव देण्यात आले. तोही त्याच महायुद्धात, १९१८ साली, धारातीर्थी पडला होता.