कर्मवीर भाऊराव पाटील
कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन शेतकरी घराण्यात जन्मलेले भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्या समाजाच्या इतिहासातील हे पान अवघड खरे, परंतु झाकून ठेवण्याजोगे नाही.

पुढे पुतळ्यास डांबर फासल्याचे १९१४ चे प्रकरण उद्भवले. त्याच बोर्डिंगशी निगडित असलेल्या अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी संस्थानच्या पोलिसांनी भाऊरावांचा छळ केला. त्यांनी कारावास सोसला. साक्ष दिली नाही.

१९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था व १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह त्यांनी स्थापिले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीत जेवत. धान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही दिले. त्या १९३० मध्येच निवर्तल्या. भाऊरावांचे कार्य मात्र ९ मे १९५९ रोजी देहावसान होईपर्यंत थांबले नाही.

१९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. ज्या संस्थानच्या तुरुंगात भाऊराव राहिले, त्याच संस्थानच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव त्यास देण्यात आले.