दिल्या शब्दाचा वीर : चिमाजी अप्पा

नवरात्रात ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडील असंख्य कुटुंबे वज्रेश्वरीच्या दर्शनास जातात. किल्ल्यासारख्या तटातील ते देवालय पाहताना चिमाजी अप्पांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. वसई हाती आली तर देवीचे मंदिर बांधू, असा नवस त्यांनी केला होता, असे परंपरा सांगते.

थोरल्या बाजीरावांचे हे धाकटे बंधू प्रकृतीने तोळामासा. वीर म्हणताच जो धिप्पाड पुरुष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, त्या चित्रात अप्पा बसत नाहीत. पोर्तुगीज अमलात साष्टी-वसईकडील हिंदूंना उघडपणे धर्मकृत्ये करणे दुरापास्त झाले होते. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी व त्यांच्या बंधूंनी हे गाऱ्हाणे पेशव्यांच्या कानी घातले आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. तेथील कोटाचे बांधकाम तेव्हा अपुरेच होते. पुढे याच कोटाचे कारागृह झाले.

वसई मात्र सहजी हाती येणारी नव्हती. १७३९ च्या फेब्रुवारीत वेढा पडला. तटाखाली सुरुंग खणावे, ते वेळेवर उडू नयेत आणि आपलीच माणसे त्यांत गाडली जावी, असेही झाले. मे महिन्यातील निकराच्या हल्ल्यापर्यंत मराठ्यांची हजारो माणसे पडली. इतके रक्त सांडल्यावर सैन्याच्या मनात सूड नसेल, असे आम्ही म्हणणार नाही.

१६ मे रोजी किल्ला शरण आला, आणि आमच्या मते अप्पांची खरी कसोटी त्या दिवशी लागली. तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदी बायकामुलांसह, शस्त्रे घेऊन, निशाणे फडकावीत सन्मानाने बाहेर पडली. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून आपल्या देवळांत गेल्या, हे खरे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच मानली जाते. परंतु शरणागतांना दिलेला शब्द अप्पांनी पाळला. बंदिवान पोर्तुगीज स्त्रीला त्यांनी सन्मानाने परत पाठविल्याची कथा कीर्तनकार रंगवून सांगतात. ती बाजूस ठेवली तरी तहाची कलमे आम्हांस पुरेशी वाटतात.

देवीचा नवसही फेडला गेला. पुढे १७४० च्या एप्रिलात बाजीराव गेले आणि त्याच डिसेंबरात अप्पांनीही देह ठेवला. त्यांचे पुत्र सदाशिवराव तेव्हा अवघे दहा वर्षांचे होते.