आशाताईंच्या लाल गोळीमागची परळची गोष्ट : डॉ. ल्युसी विल्स

गरोदर बाईच्या हातावर आशाताई जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात लोहासोबत 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. या फॉलिक अ‍ॅसिडचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या मुंबईत, परळला. लावला एका इंग्रज डॉक्टरीणबाईंनी. नाव ल्युसी विल्स.

1888 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ त्यांचा जन्म. केंब्रिजला वनस्पतीशास्त्र शिकल्या, 1911 ला परीक्षा पास झाल्या, पण डिग्री काही मिळाली नाही. बाईमाणसाला डिग्री द्यायची तिथं पद्धतच नव्हती! पुढं लंडनला 1920 मध्ये डॉक्टर झाल्या.

1928 ला त्या मुंबईत आल्या. काम होतं, बाळंतपणात बाया का दगावतात ते शोधायचं. मुक्काम हाफकिन संस्थेत. सापाच्या विषावरच्या औषधामुळं आपल्याला माहीत असलेली तीच ही संस्था. आजूबाजूला सगळं गिरणगाव. गरिबाघरच्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडायच्या, धाप लागायची, आणि कितीतरी जणी जीवानिशी जायच्या. रक्त तपासलं तर तांबड्या पेशी कमी, पण आकारानं मोठ्या. नुसतं लोह कमी असलं तर पेशी लहान होतात. म्हणजे दुखणं वेगळंच होतं.

जंतू काही सापडेना. मग विल्सबाईंनी या बाया खातात काय, ते बघायला घेतलं. ताटात भाजीपाला, फळं फारच कमी. तसंच खाणं उंदरांना दिलं. पण त्यांच्या अंगावरच्या उवांनी दुसराच आजार आणला नि प्रयोगाचा घोळ झाला. मग माकडं घेतली. मरायला टेकलेल्या एका माकडाला मार्माइट चारलं. हे मार्माइट म्हणजे बिअर करून उरलेल्या यीस्टचा काळा, खारट लगदा. माकड उठून बसलं.

बायांना दिलं, तर त्यांचंही रक्त भरून आलं. काही दिवसांत. तेव्हा अशा रक्तक्षयावर लिव्हरचा अर्क देत, तो महाग. मार्माइट स्वस्त. 1931 ला त्यांनी हे छापून जगापुढं मांडलं. त्यात नेमकं काय गुणकारी आहे, ते तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणायला लागले. 1941 ला अमेरिकेत चार टन पालकातून फॉलिक अ‍ॅसिड वेगळं काढलं, आणि पुढं कळलं की विल्सबाईंचं द्रव्य ते हेच. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून हे नाव.

विल्सबाई 1964 ला वारल्या. लग्न केलं नाही. मोठी गोष्ट पुढं 1991 ला कळली: ज्यांचं आधीचं बाळ पाठीच्या कण्यात व्यंग घेऊन जन्मलं, अशा बायांनी दिवस जायच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका 72 टक्क्यांनी घटला. अमेरिकेनं 1998 पासून ते पिठातच मिसळायला लावलं. आपल्या रेशनच्या पोषणयुक्त तांदळातही ते घातलं गेलं.

अडचण वेळेची आहे. बाळाचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून बनतो, ती पहिल्या चार आठवड्यांत मिटते. आपल्याकडं नाव नोंदवायला बाई जाते तीच दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. म्हणून मूल हवं असेल तर किमान महिनाभर आधी उपकेंद्रात जाऊन फॉलिकच्या गोळीचं विचारा.