पंडिता रमाबाई आणि त्यांचें नित्य शास्त्रवाचन

नवें वर्ष लागलें कीं पुष्कळ ख्रिस्ती घरांतून एक चांगला संकल्प होतो. आजपासून रोज पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचावयाचा. पहिले कांहीं दिवस उत्साह टिकतो. पुढें लांबलचक वंशावळी येतात, अवघड नांवें येतात, नियमशास्त्र येतें. मग परीक्षा, पाहुणे, आजारपण. आणि अखेर पुस्तक फडताळांत जाऊन बसतें. संकल्प करणारा मनाशीं ठरवून टाकतो कीं हें आपल्याला समजत नाहीं, तेव्हां आपल्या हातून होणार नाहीं. अशा खिन्न झालेल्या वाचकास धीर यावा म्हणून पंडिता रमाबाई यांच्या चरित्रांतील एक धागा आम्ही येथें उलगडून दाखविणार आहों. त्यांचें सर्व कार्य सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या बाईंनीं पुढें सबंध बायबल मराठींत आणिलें, त्यांच्या वाचनास आरंभ कसा झाला व तें टिकलें कसें, एवढेंच सांगावयाचें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रांगेंतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान् ब्राह्मण होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक असतां त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें, आणि त्याबद्दल शास्त्रीमंडळींपुढें जबाबहि दिला. रमाबाईंच्या वाढत्या वयांत वडील वृद्ध झाले होते. म्हणून मुलीला शिकविण्याचें काम आईनें पत्करिलें. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वीं, पहांटे पक्षी जागे होण्याच्या वेळीं, ही माउली मुलीस प्रेमानें उठवी आणि पाठ देई. कुटुंब तीर्थयात्रेंत फिरत असे. आज एक मुक्काम, उद्यां दुसरा. परंतु शिक्षण चालूच राही. अशा रीतीनें हजारों श्लोक त्या मुलीच्या मुखोद्गत झाले. रोज नेमानें पवित्र मानलेल्या ग्रंथास बसण्याची संवय रमाबाईंना ख्रिस्ती मंडळींकडून लागली नाहीं. ती त्यांच्या आईनें लाविली. आमच्या वाचकांतील मातांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी.

पुढें दुष्काळ आला. १८७४ सालीं वडील गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली, आणि मागोमाग थोरली बहीणहि गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवास असे दोघेच उरले. उपाशीपोटीं, अनवाणी, शेंकडों कोस पायपीट करीत तीं बहीणभावंडें १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या तरुणीचा असा सन्मान त्यापूर्वीं क्वचितच झाला असेल.

ह्याच कलकत्त्यांत ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यास त्या गेल्या असतां त्यांना संस्कृत बायबलाची एक प्रत भेट मिळाली. संस्कृत ही तर त्यांची नित्याच्या सरावाची भाषा. तरी त्या पुस्तकांत त्यांचें मन रमेना. जें संस्कृत वाङ्मय त्यांनीं आजवर वाचिलें होतें त्याहून त्या पुस्तकाची भाषा अगदीं निराळी, आणि शिकवणहि अनोळखी. हें वाचणें म्हणजे वेळ दवडणें आहे असें त्यांना वाटलें. परंतु येथें एक लहानशी गोष्ट घडली. त्यांनीं ती प्रत कोणास देऊन टाकिली नाहीं. पुढील सर्व प्रवासांत त्यांनीं ती आपल्याजवळ बाळगिली. ज्याला आरंभीं कांहीं समजत नाहीं, त्याला निदान इतकें तरी करतां येतें!

१८८० सालीं बंधु श्रीनिवास वारले. त्याच वर्षीं रमाबाईंचा विवाह बिपिन बिहारी मेधावी नांवाच्या बंगाली वकिलांशीं झाला, आणि तीं उभयतां आसामांत सिलचर येथें राहूं लागलीं. तेथें पतीच्या ग्रंथसंग्रहांत एक बंगाली पुस्तिका त्यांच्या हातीं लागली. तें लूककृत शुभवर्तमान होतें. रमाबाईंना बंगाली येऊं लागलें होतें, आणि ही चोपडी त्यांना मनापासून आवडली. तेथील एक बॅप्टिस्ट मिशनरी घरीं येऊन उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा अर्थ सांगूं लागले. मेधावी स्वतः मिशनच्या शाळेंत शिकलेले होते. परंतु पत्नीनें ख्रिस्ती व्हावें हें त्यांना रुचण्यासारखें नव्हतें. ह्या प्रश्नाचा निकाल लागण्यापूर्वींच १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें त्यांचें निधन झालें. चोवीस वर्षांच्या आंतील विधवा आणि पदरीं मनोरमा नांवाची तान्ही मुलगी, अशी रमाबाईंची स्थिति झाली.

मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढील साक्ष, ह्या त्यांच्या सार्वजनिक गोष्टी सर्वश्रुत आहेत. घरांत मात्र आणखी एक काम शांतपणें चाललें होतें. मिस हर्फर्ड नांवाच्या मिशनरी बाई नियमानें येऊन त्यांना नवा करार शिकवीत. त्याच बाई इंग्रजीचीं प्राथमिक पुस्तकेंहि शिकवीत; पण रमाबाईंचें लक्ष कित्येकदां धड्यांपेक्षां नव्या कराराकडेच अधिक ओढे. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनीं पाहिल्या. अशा स्त्रियांवर एवढी दया कां, असें त्यांनीं विचारल्यावर एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानांतील चौथा अध्याय, म्हणजे प्रभूची व शोमरोनी स्त्रीची भेट, वाचून दाखविला. विधवांचें दुःख स्वतः भोगलेल्या रमाबाईंच्या अंतःकरणास तो अध्याय भिडला. त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यानें वाचन संपलें नाहीं. उलट, सुमारें आठ वर्षें नेमानें वाचल्यावर त्यांना असें आढळून आलें कीं, आपण ख्रिस्ती धर्म पत्करिला खरा, पण स्वतः ख्रिस्ताची ओळख व्हावयाची राहूनच गेली. एवढी विदुषी, एवढी ख्याति. तरी पुस्तकानें त्यांना असें खडसावून विचारिलें, आणि त्यांनीं तें ऐकून घेतलें. रोज वाचणाऱ्यासच असा प्रसंग येतो. जो प्रसंगोपात्त वाचतो तो आपल्याला आवडेल तेवढेंच वेंचून घेतो.

आतां ह्या संवयीची खरी कसोटी लागली तो प्रसंग सांगूं. अमेरिकेंतील मित्रांच्या साह्यानें रमाबाईंनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन काढिलें, आणि पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें उच्चवर्णीय बालविधवा शिकत. कोणासहि ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा नाहीं, प्रत्येकीनें आपापला आचार पाळावा, असा संस्थेचा नियम होता. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारखे थोर पुरुष सल्लागार मंडळांत होते. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलींत मनोरमेस घेऊन रोज शास्त्रवाचन व प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार उघडें असे. त्या कोणा मुलीस बोलावीत नसत. कोणी आपण होऊन येऊन बसली तर तिला घालवूनहि देत नसत. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. गांवांत चर्चा झाली, वर्तमानपत्रांत कडक टीका झाली. आपल्या लेकीसुनांवर विश्वासानें सोंपविलेल्या ठिकाणीं काय संस्कार होत आहेत, ही पालकांची काळजी आम्हीहि क्षुल्लक मानीत नाहीं. त्या काळीं ती स्वाभाविक होती. १८९३ सालीं सल्लागार मंडळानें राजीनामा दिला आणि पुष्कळ मुली काढून नेण्यांत आल्या.

दार लावून घेतलें असतें तर कदाचित् हा कलह मिटता. परंतु रमाबाईंचें म्हणणें असें कीं, प्रत्येक मुलीला येथें आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक आहे, तर तीच मोकळीक मलाहि आहे. आणि जें मी उजेडांत करूं शकतें तें चोरून कां करावें? संस्थेचा पाया हादरला, जुने स्नेही दुरावले. पण दार उघडेंच राहिलें आणि वाचनहि चाललें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून अनाथ मुली व विधवा आणून रमाबाईंनीं त्यांना पुण्याजवळ केडगांव येथें आश्रय दिला. तेंच मुक्ति सदन होय. १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळानंतर तेथील संख्या सुमारें दोन हजारांवर गेली. ह्या मुली बहुधा खेड्यांतल्या, निरक्षर. त्यांच्या हातीं मराठी बायबल देतांना रमाबाईंना कलकत्त्याचा आपलाच अनुभव आठवला असावा. पुस्तक आहे, पण भाषा परकी. केरीसाहेबांच्या वेळेपासून मराठी भाषांतरें होत आलीं होतीं. नवा करार १८११ सालींच छापला गेला होता. तथापि प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द शेतांत खपणाऱ्या बाईला कळत नसत. म्हणून पन्नाशीच्या सुमारास रमाबाई हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषांच्या अभ्यासास बसल्या, आणि सबंध बायबलाचें साध्या मराठींत भाषांतर करूं लागल्या. जी स्त्री कठिणांतलें कठिण संस्कृत बोलूं शके, तिनें सोपा शब्द शोधण्यांत आयुष्याचीं अखेरचीं वर्षें वेंचिलीं. खिळे जुळविणें, छापणें, बांधणी करणें, हीं कामें मुक्तीच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांनींच केलीं. ज्यांना एके काळीं अक्षर ओळखतां येत नव्हतें, त्यांच्या हातांनीं पवित्र शास्त्र छापून निघूं लागलें!

१९२१ सालीं मनोरमाबाई आईच्या आधीं गेल्या. शारदा सदनांतील त्या उघड्या दाराच्या खोलींत जी मुलगी रोज शेजारीं बसे, ती उरली नाहीं. तरी रमाबाईंनीं काम सोडिलें नाहीं. भाषांतर तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या चरित्रांतून काय घ्यावें? पहिलें हें कीं, न समजणें हा वाचन सोडण्यास आधार होत नाहीं. पंडितेलाहि पहिल्या वेळीं समजलें नाहीं. जें कळेल त्या भाषेंत, जें पेलेल तेवढें वाचावें. लूकाच्या शुभवर्तमानापासून आरंभ केला तरी उत्तम, कारण रमाबाईंनाहि तेंच प्रथम गोड लागलें. दुसरें हें कीं, वेळ ठरवावी आणि ती शक्यतों सकाळची असावी. एकादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां बसावें, मागील बाकीचा हिशेब करीत बसूं नये. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांस धाकानें वाचावयास बसवूं नये. आपण स्वतः वाचावें आणि दार उघडें ठेवावें. आमच्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एका बाकावर बसतात. त्यांच्यांतहि हीच रीत शोभते. कोणास ओढूं नये, कोणापासून लपवूं नये. मुलें पाहात असतात. एके दिवशीं त्यांपैकीं एकादें आपण होऊन आंत येईल आणि शेजारीं बसेल.