राखीव जागा आणि बाबासाहेब

मेहरूणचा मतदार विधानसभेसाठी मत देतो ते सर्वसाधारण मतदारसंघात. शेजारचे भुसावळ मात्र २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. ही वाटणी आमच्या वाचकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे एका पुरुषाची पाव शतकाची झुंज आहे, याचे स्मरण क्वचितच कोणास होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे साक्ष दिली, तेव्हा प्रौढ मताधिकार मिळाल्यास संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागा त्यांस मान्य होत्या. तो मिळण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा गोलमेज परिषदेत त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले. ऑगस्ट १९३२ च्या निवाड्याने ते मिळालेही. पण गांधीजींनी येरवड्यास प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि २४ सप्टेंबर रोजी बाबासाहेबांस पुणे करारावर सही करावी लागली. राखीव जागा वाढून १४८ झाल्या, परंतु अंतिम निवड सर्वांच्या मतांनी व्हावयाची होती. एक आधार तेवढा उरला: प्रत्येक राखीव जागेसाठी चार उमेदवार प्रथम अस्पृश्य मतदारांनीच निवडावयाचे. कराराचे मर्म आमच्या मते येथेच होते. शाळेत इतिहास शिकविताना मात्र आम्हीही ते एका वाक्यात उरकीत असू.

१९३७ मध्ये, त्याच करारावर सही करणारे क्रिकेटपटू पी. बाळू यांचा पराभव करून ते मुंबई विधानसभेत गेले. त्या वर्षी ३१ जुलैस एका खटल्यानिमित्त ते धुळ्यास आले व लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. खानदेशात तो दिवस अजून पाळला जातो.

पुढे घटनेत राखीव जागा आल्या, त्या दहा वर्षांच्या बोलीने. प्राथमिक निवडणूक मात्र गळाली. त्याचा अर्थ घटनेच्या शिल्पकारासच प्रथम भोगावा लागला. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी, आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा काँग्रेसच्याच उमेदवाराने, राखीव जागेवर त्यांस हरविले. १९५५ मध्ये त्यांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने कायदेमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव केला. पुढच्या वर्षी ६ डिसेंबरला ते निवर्तले.

दहा वर्षांची ती मुदत केवळ कायदेमंडळांतील जागांस होती, नोकऱ्यांस व शिक्षणास नव्हे. हा भेद सुशिक्षितही विसरतात. मुदत वाढत गेली आणि २०१९ च्या घटनादुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत नेली. तीत आणखी भर घालावयाची असेल, तर राखीव जागेचा उमेदवार कोणी ठरवावा, हा १९३२ सालचा प्रश्न संसदेने आधी चर्चेस घ्यावा.